चौकट आणि लिंटेल: पावसाळी सत्राच्या प्रकल्प नोंदी

काम: महाविद्यालयाच्या आवारातल्या अवजारखोलीची दर्शनी भिंत, दाराच्या लाकडी चौकटीसह. ठिकाण: ठाणे. भिंत २.४ मीटर लांब, २.४ मीटर उंच, नऊ इंची. वर पत्र्याची शेड आधीपासून आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती जुन्या आहेत. तुकडी २० जणांची, चार-चारचे पाच गट. प्रात्यक्षिक मंगळवारी आणि गुरुवारी, तीन-तीन तास.

सुतारकामाचा जॉब एका सत्रात आणि वीटकामाचा दुसऱ्या सत्रात अशी विभागणी केली, की मुलं दोन्ही शिकतात; पण सुताराची दोन मिलिमीटरची चूक गवंड्याच्या कामात कुठे बाहेर पडते, ते त्यांना कधीच दिसत नाही. म्हणून या वेळी साचा, चौकट, लिंटेल (दारावरची काँक्रीटची आडवी तुळई) आणि भिंत एकाच तुकडीकडे दिली आहे.

१ जुलै २०२५

लाकूड आलं. बाजारात मलेशियन साल म्हणून मिळतं ते. जड, टणक, चौकटीला योग्य. तयार छेद १०० × ६५ मि.मी. हवा, म्हणून करवतीचा छेद सव्वाचार बाय पावणेतीन इंच घेतला. उभे दोन, प्रत्येकी २.१५ मीटर, आणि आडवा एक, १.२ मीटर. एकूण ५.५ मीटर, म्हणजे जवळपास दीड घनफूट.

यंदा पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. वखारीतलं लाकूड महिनाभर दमट हवेत होतं. ओलावा पाहायला फळीच्या टोकापासून ३०० मि.मी. आतला तुकडा कापला. टोक लवकर सुकतं, तिथलं माप फसवतं. तुकडा ६४.२ ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवला, तेव्हा ५४.० ग्रॅम. फरक १०.२ ग्रॅम, भागिले कोरडं वजन: १८.९ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा. दोन गटांनी ओल्या वजनाने केला आणि उत्तर १५.९ आलं.

ठाण्याच्या जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघड्यावरचं लाकूड साधारण १८ टक्क्यांवर स्थिरावतं. कितीही दिवस थांबलं तरी त्याखाली जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच १२ च्या आसपास येईल. लांबीत लाकूड जवळपास आक्रसत नाही, रुंदीत आक्रसतं. १०० मि.मी. रुंदीवर दीड मिलिमीटरचा फरक धरून चालायचं. पुढची सगळी मापं या हिशोबाने.

रचून ठेवताना जमिनीपासून १५० मि.मी. वर, मध्ये २५ मि.मी.च्या पट्ट्या, आणि सगळ्या पट्ट्या एकावर एक, एकाच ओळंब्यात. पट्टी सरकली की फळी तिथे वाकते.

३ जुलै

धार. अडीच तास धारेलाच दिले, आणि ते कमीच पडले. रंध्याचं पातं २५ अंशांत घासलेलं, कडेची बारीक धार ३० अंशांत. पात्याची सपाट बाजू आधी दगडावर आरशासारखी करायची. ती खडबडीत राहिली, तर दुसरी बाजू कितीही घासा, धार दातेरी येते. पटाशीचंही तसंच. मुलं धारेची चाचणी नखावर घेतात. त्यापेक्षा पाइनच्या टोकाची आडवी कापणी घ्यावी: बोथट पटाशी तिथे धागे चुरगळते, धारदार पटाशी चकचकीत कापते.

उरलेल्या अर्ध्या तासात पाइनच्या ५० × ५० तुकड्यावर हाफ-लॅप (दोन तुकडे अर्ध्या जाडीत कापून एकमेकांवर बसवायचा सांधा).

८ जुलै

रंधा मारणे. क्रम ठरलेला: एक रुंद बाजू सपाट, मग तिला काटकोनात एक कड, आणि या दोन्हींवर पेन्सिलीची खूण. यापुढे गुण्या आणि मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) फक्त या दोन बाजूंना टेकवायचे. उरलेल्या दोन बाजू गेजच्या रेघेपर्यंत.

या लाकडाचे धागे एका पट्ट्यात एकीकडे आणि शेजारच्या पट्ट्यात उलटीकडे झुकलेले असतात. कुठूनही रंधा मारला तरी कुठेतरी उपटतंच. उपाय तीन: पात्यावरची टोपी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणणे, रंध्याचं तोंड बारीक करणे, आणि साल (रंध्यातून निघणारं सोलपट) कागदासारखी पातळ काढणे. गट ३ ने जाड साल काढायचा आग्रह धरला. उभ्याच्या मध्यावर २ मि.मी. खोल खड्डा पडला. ती बाजू भिंतीकडे फिरवली.

पीळ पाहायला फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. २.१ मीटरच्या एका उभ्याला ४ मि.मी. पीळ निघाला. तो आजच काढला. पिळलेली चौकट भिंतीत बसते, पण दार चौथ्या कोपऱ्यात टेकत नाही, आणि मग वर्षानुवर्षं कडीला ढकलून लावावं लागतं.

१० जुलै

आखणी. या प्रकल्पात सर्वांत जास्त चुका होण्याची जागा हीच, म्हणून सविस्तर.

चौकटीची बाहेरची रुंदी १०००, उंची २१००. आडव्याची शिंगं (उभ्यांच्या बाहेर निघणारी टोकं) दोन्हीकडे ७५, म्हणजे आडवा ११५० लांब. दारासाठी रिबेट (दार बसायची कडेची खाच) ३८ रुंद, १३ खोल. दार ३५ मि.मी. जाड असेल; वरचे ३ मि.मी. रंगाला आणि दमट हवेला.

टेननची (उभ्याच्या टोकाला कोरलेली, आडव्यात शिरणारी जीभ) जाडी लाकडाच्या एक तृतीयांश, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. १०० चा तिसरा हिस्सा ३३; आपण ३२ घेतला, कारण पटाशी ३२ ची आहे. आता हा टेनन बरोबर मध्यभागी आखला, तर रिबेटच्या बाजूच्या कडेपासून तो ३४ ते ६६ वर येतो. रिबेट मात्र ३८ पर्यंत आत आहे. म्हणजे रिबेट काढताना टेननचे ४ मि.मी. कापले जातात. पाचपैकी तीन गटांनी तो मध्यभागीच आखला होता. दुरुस्ती: टेनन ४० ते ७२. दुसऱ्या बाजूला २८ उरतात, पुरेसे आहेत.

दुसरी गोष्ट खांद्यांची, म्हणजे टेननच्या बुडाशी आडव्याला टेकणाऱ्या कडांची. आडव्याच्या खालच्या बाजूलाही १३ खोल रिबेट आहे. तेव्हा उभ्याचा रिबेटकडचा खांदा दुसऱ्या खांद्यापेक्षा १३ मि.मी. वर असला पाहिजे. दोन्ही खांदे एकाच रेघेवर कापले, की जोडणीत १३ मि.मी.ची उघडी फट राहते, आणि ती भरायला कितीही लांबी (पुट्टी) लावली तरी पहिल्या उन्हाळ्यात गळून पडते. खांद्याची रेघ पेन्सिलीने नाही, सुरीने मारायची. सुरीची रेघ धागे कापून ठेवते. करवत तिथे कड फाडत नाही.

टाकून द्यायच्या भागावर फुली. दोन्ही उभे शेजारी ठेवून एकाच वेळी आखायचे, आणि ते एकमेकांचं प्रतिबिंब आहेत याची खात्री करायची. दोन डाव्या बाजूचे उभे तयार होणं ही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तुकडीत घडणारी चूक आहे.

१५ जुलै

दोन गट मॉर्टिसवर (टेनन बसायचं आडव्यातलं भोक), दोन गट लिंटेलच्या साच्यावर, एक गट फर्म्यावर (रेती-खडी मोजायची पेटी).

फर्मा: आतून ४०० × ३५० × २५० मि.मी., म्हणजे ३५ लिटर, सिमेंटच्या एका पिशवीच्या मापाचा. आत अर्ध्या उंचीवर पक्की रेघ.

लिंटेल जागेवर न ओतता जमिनीवर ओतायचं ठरलं. जागेवर ओतलं, की साच्याचा भार चौकटीच्या आडव्यावर टेकवण्याचा मोह होतो. ओल्या काँक्रीटखाली आडवा मध्यावर दोन-तीन मिलिमीटर लवतो, काँक्रीट त्याच आकारात कडक होतं, आणि दार वरून घासायला लागतं. हा दोष नंतर काढता येत नाही, दारच तासावं लागतं.

साचा: १२ मि.मी.चा फिल्म लावलेला प्लाय, आतून १४०० × २३० × १५०. टोकाच्या फळ्या बाजूंच्या मध्ये, बाहेरून तीन बाय दोनच्या पट्ट्या आणि पाचरी. खिळ्यांची डोकी थोडी बाहेर ठेवायची, म्हणजे साचा उकलताना प्लाय फुटत नाही.

लिंटेलची टेकण (भिंतीवर टेकणारा भाग) दोन्हीकडे २०० घेतली आहे. एरवी १५० पुरते; पण इथे चौकटीची शिंगं टेकणीच्या खालीच ७५ मि.मी. जागा खातात.

१७ जुलै

काँक्रीट. एम२० (२८ दिवसांनी चौरस मि.मी.ला २० न्यूटन ताकद), सिमेंट-रेती-खडीचं प्रमाण १ : १.५ : ३. लिंटेल ०.०४८ घनमीटर आणि १५० मि.मी.चे तीन क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) ०.०१० घनमीटर. हिशोब साडेतेवीस किलो सिमेंटचा येतो. सांडणं धरून अर्धी पिशवी, २५ किलो, वजन करून. कोरडी रेती २६ लिटर, २० मि.मी. खडी ५२ लिटर.

मुंब्र्याजवळच्या रेतीबंदराचं नाव अजून आहे, पण कामावर आता धुतलेली क्रश सँडच येते. खाडीच्या रेतीतलं मीठ सळई गंजवतं आणि भिंतीवर पांढरे डाग आणतं, त्यामुळे हे चांगलंच झालं. आजची रेती ओली होती. ओली रेती फुगते, दाण्यांभोवतीच्या पाण्याच्या थराने दाणे एकमेकांपासून दूर राहतात. चाचणी सोपी: काचेच्या बरणीत रेती २०० मि.मी. भरायची, मग पाण्यात बुडवून ढवळायची. ती १६० वर बसली. ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगवटा. तेव्हा २६ ऐवजी साडेबत्तीस लिटर रेती घेतली.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम२० साठी ५० किलो सिमेंटला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आपल्याला १५. रेतीत सुमारे ५ टक्के पाणी आधीच होतं, म्हणजे २ लिटर. बादलीने १३ च घातलं. पावसाळ्यात बहुतेक साइटवर ही वजाबाकी होत नाही, आणि काँक्रीट तिथेच कमकुवत होतं. स्लंप (शंकूतून सोडल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते माप) ७० मि.मी. आला.

सळई: खाली १० मि.मी. दोन, वर ८ मि.मी. दोन, प्रत्येकी १.३५ मीटर. रिंगा ६ मि.मी., दर १५० वर, दहा नग, कापणी प्रत्येकी सुमारे ६१० मि.मी. कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) २५. वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२: १० मि.मी. सळई मीटरला ०.६२ किलो.

ओतल्यावर वरच्या बाजूला खिळ्याने ठळक अक्षरात "वर" लिहिलं. हे विसरायचं नाही. कडक झाल्यावर लिंटेल दोन्हीकडून सारखंच दिसतं. उलटं बसलं, तर जाड सळई वर जाते.

१८ जुलै

बाजूचे साचे २४ तासांनी उकलले. डाव्या टोकाच्या खालच्या कोपऱ्यात जाळी (सिमेंटविना खडीचा पोकळ भाग) पडली: ६० × ४० मि.मी., खोली १५. कारण शोधायला साच्याची टोकाची फळी पुन्हा गुण्याला लावली. ती जेमतेम २ मि.मी. बाहेर होती. तेवढ्या फटीतून सिमेंटचं पाणी बाहेर गेलं, मागे नुसती खडी राहिली. साच्याच्या गटाला ती फळी आणि ते टोक शेजारी ठेवून दाखवलं.

खोली कव्हरपेक्षा कमी आहे, सळई उघडी पडलेली नाही. सुटे दाणे छिन्नीने काढले, जागा ओली केली, सिमेंटची पातळ पेस्ट लावून १ : २ मालाने (सिमेंट-रेतीचा) भरली. टोकं ओल्या गोणपाटात. पाऊस आहे म्हणून क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) आपोआप होईल, हे शेडखाली खरं नाही. रोज दोनदा पाणी.

२२ आणि २४ जुलै

मॉर्टिस पूर्ण. आधी गिरमिटाने भोकं, मग पटाशी. अर्धं एका बाजूने, अर्धं उलटून. एकाच बाजूने आरपार गेलं, की पलीकडची कड मोठ्या ढलपीसकट निघते. रिबेट मॉर्टिसनंतर काढली, कारण तोवर आखणीची कड शाबूत असते. खांदे सर्वांत शेवटी कापले.

एका टेननचा गाल फुगला, ३३ निघाला. हातोडीने ठोकून बसवायचा प्रयत्न थांबवला. एवढ्या टणक लाकडात आडव्याला उभी चीर जाते. पटाशीने पाऊण मिलिमीटर उतरवला.

२९ जुलै

जोडणी. १८ टक्के ओलाव्याच्या लाकडात डिंकावर भिस्त ठेवत नाही. टेननच्या दोन्ही कडांना वरून पाचरी (मॉर्टिसचं तोंड वर ३-३ मि.मी. पसरट ठेवलं होतं) आणि आडवी १० मि.मी.ची बांबूची खुंटी. टेननमधलं खुंटीचं भोक खांद्याकडे १ मि.मी. सरकवलं. खुंटी आत जाते तशी ती सांधा आवळते, आणि फेब्रुवारीत लाकूड आक्रसलं तरी आवळूनच धरते.

आतली मापं ८७० × २०३५. कर्ण २२१३ हवा. आले २२१५ आणि २२११. शिकंज्याने लांब कर्ण दाबून दोन्ही २२१३ केले, मग खाली आडवी पट्टी आणि कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या ठोकल्या. उंबरठा नसलेल्या चौकटीला ही खालची पट्टी शेवटपर्यंत काढायची नाही. भिंतीच्या बाजूंना डांबरी रंगाचे दोन हात, उभ्यांच्या खालच्या टोकांना प्रायमर तीनदा मुरवला. टोकाची कापणी बाजूच्या कित्येक पट पाणी पिते.

३१ जुलै

चौकट उभी केली. खाली प्रत्येक उभ्यात १० मि.मी.ची लोखंडी खुंटी, फरशीत ५० आत. लाकूड फरशीपासून ५ मि.मी. वर ठेवलं. ओळंबा दोन दिशांनी, दोन्ही उभ्यांना. समोरच्या दिशेने बरोबर आणि बाजूने ३ मि.मी. बाहेर अशी चौकट सोडली, तर दार आपोआप उघडतं किंवा आपोआप मिटतं.

५ ऑगस्ट

थर १ ते ८. विटा मे महिन्यातच घेऊन ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. शहापूर-भिवंडीकडच्या भट्ट्या पावसात बंद असतात. जुलैत मिळतात त्या उघड्यावर भिजलेल्या. हिशोब ३६३ विटांचा, घेतल्या ४००. माल १ : ६, एकूण एक पिशवी सिमेंट पुरावं, सव्वा धरली.

कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुगा होतो, म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची. पण भिजवून लगेच लावायची नाही. पृष्ठभागावर पाणी चमकत असताना वीट मालावर तरंगते आणि चौथ्या थराला भिंत पोट काढते. पाणी घातलेला माल दोन तासांत संपवायचा. सुकायला लागला की पुन्हा पाणी मारून वापरायचा नाही.

वीट आणि सांधा मिळून थर ८५ मि.मी. पट्टीवर २५ थरांच्या खुणा करून ती चौकटीलाच बांधली. जुन्या भिंतीशी बांधणी दर चौथ्या थराला, १०० मि.मी. खोल खाच फोडून.

७ आणि १२ ऑगस्ट

थर २५ पर्यंत. होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) प्रत्येक बाजूला तीन: खालून ३००, मध्यावर, वरून ३००. भोवती एका विटेएवढी जागा सोडून १ : २ : ४ काँक्रीट भरलं. नुसत्या मालात बसवलेला होल्डफास्ट दार आपटून आपटून वर्षभरात सुटतो.

थर १४ ला उजवा उभा आत ढकलला गेल्याचं दिसलं, मधली रुंदी ८६७. वीट थापीने ठोकताना आडवा दाब येतो. मध्यावर ८७० ची पट्टी ठोकली. ती पहिल्याच दिवशी लावायला हवी होती.

१४ ऑगस्ट

लिंटेल २८ दिवसांचं झालं. क्यूब: ५२०, ५४५, ५३० किलोन्यूटन. भागिले २२,५०० चौरस मि.मी.: २३.१, २४.२, २३.६. समाधानकारक.

वजन सुमारे १२० किलो. सहा जण, दोन दोर, टोकांपासून ३००-३०० वर. मध्यावर दोर बांधून उचललं तर ताण वरच्या बाजूला येतो, तिथे सळई बारीक आहे. ७०० आणि १४०० वर फळ्यांचे टप्पे, तिसऱ्या टप्प्यात टेकणीवर. खाली १ : ४ मालाचा १० मि.मी. थर. "वर" ही खूण दोघांनी स्वतंत्रपणे तपासली. चौकटीच्या माथ्यावर ३० मि.मी. फट राहिली, हवी तशी.

१९ ऑगस्ट

अतिवृष्टीमुळे सुट्टी. काम नाही.

२१ ऑगस्ट

लिंटेलवरचे थर पूर्ण. फट आज भरली: आधी थर्माकोलची पट्टी, वरून दर्शनी बाजूला माल. खालच्या पट्ट्या काढल्या.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, अर्धी तुकडी हजर. दार लावलं. फ्लश दार ८१ × ३६ इंची, म्हणजे २०५७ × ९१४. हवं ८९० रुंद: रिबेटपासून रिबेटपर्यंत ८९६, वजा दोन्हीकडे ३. कापायचे २४ मि.मी. दोन्ही कडांनी १२-१२ घेतले. सगळे एकाच कडेने घेतले, तर तिथली भरीव पट्टी कापली जाते आणि बिजागरीचे स्क्रू पोकळ भुशात जातात. उंची २०४२.

बिजागऱ्या तीन, १२५ मि.मी. स्क्रूला आधी भोक ३ मि.मी.चं, या लाकडात भोकाशिवाय स्क्रूचं डोकं तुटतं. स्क्रूला साबण.

९ सप्टेंबर

मीटरवर चौकट १७ टक्के. कर्ण २२१३ आणि २२१३.५. दाराभोवती फट वर ३, कडीकडे ३, बिजागरीकडे २.५. रिबेटचा सांधा बंद.

फेब्रुवारीत मापायचं: हेच दोन कर्ण, तिन्ही फटी, उभ्याची रुंदी खालून ३०० आणि १८०० वर, आणि डाव्या टेकणीखाली, जिथे जाळी भरली होती, तिथे चीर आली आहे का. मापाच्या जागा चौकटीवर पटाशीने खुणा करून ठेवल्या आहेत. रंगाचा दुसरा हात ही मापं झाल्यावरच.